तापात खायचं की उपाशी राहायचं?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा प्रवासात नेटवर्क गेल्यावर जे वाचून घेतात, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना मी "म्हणजे कसं की" असं बहुधा सतरा वेळा म्हटलंय, ते काढून टाकलंय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. कॉम्प्युटरमध्ये बीटेक केलंय आणि दिवसभर बॅकएंडचा कोड लिहिते. आजच्या विषयाकडे मी वळले ती घरातल्या एका प्रसंगामुळे. त्यात माझी चूक होती, म्हणून आधी तोच सांगते.

बाबांचा ताप

गेल्या पावसाळ्यात शनिवार-रविवारला जोडून दोन सुट्ट्या टाकल्या आणि घरी गेले. पहिल्याच रात्री बाबांना थंडी वाजून ताप भरला. थर्मामीटर लावला तर १०३. मी लगेच निदान करून मोकळी झाले, "व्हायरल आहे. सध्या सगळीकडे चालू आहे."

सकाळी बाबा म्हणाले, "मला जेवण नको गं. अन्नाचा वाससुद्धा नको वाटतोय."

इथे घरात दोन पक्ष पडले. आजी म्हणाली, "नको म्हणतोय तर राहू दे. तापात लंघन करावं. पोटाला विश्रांती दे, फार तर भाताची पेज दे." आणि मी म्हणाले, "अगं आजी, अंगात ताकदच नसेल तर शरीर लढणार कशाच्या जोरावर?" मग मी ग्लुकोजच्या पावडरचे चार-चार चमचे घालून पाणी दिलं, वर तूप घातलेला मऊ भात, दुपारी शिरा. "बाबा, माझ्यासाठी दोन घास घ्या." माझ्यासाठी म्हणून त्यांनी घेतले. तासाभरात उलटी झाली.

एवढ्यावर मी थांबले नाही. औषधांच्या डब्यात आईच्या दाढदुखीच्या वेळची अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप पडून होती. तीही मी सुरू केली. व्हायरल आहे असं मीच म्हणत होते आणि अँटिबायोटिकही मीच देत होते. तेव्हा मला यात काही विसंगत वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताप तसाच होता. कंबर एका बाजूनं दुखायला लागली आणि संध्याकाळी बाबा काहीतरी असंबद्ध बोलू लागले. तेव्हा कुठे आम्ही दवाखाना गाठला. मूत्रमार्गातला संसर्ग किडनीपर्यंत गेला होता. म्हणजे व्हायरल नव्हतंच, जिवाणूंचा संसर्ग होता. लघवी कल्चरला पाठवली, म्हणजे त्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ते कोणते आहेत आणि कोणत्या औषधानं मरतात हे बघायला. रिपोर्ट आला, "वाढ नाही." डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही गोळ्या दिल्या होत्या का?" मी मान खाली घालून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अर्धवट डोस गेलाय. जिवाणू मेले नाहीत, पण प्लेटवर वाढण्याइतकेही राहिले नाहीत. आता आपल्याला अंदाजानंच औषध चालवावं लागेल."

बाबा सहा दिवस ॲडमिट होते. आज ठणठणीत आहेत. पण तिथल्या बाकावर बसून रात्री मी एकच गोष्ट फोनवर शोधत होते. मी जबरदस्तीनं खाऊ घातलं, त्यानं काही बिघडलं का? आजीचं बरोबर होतं की माझं?

शोधता शोधता एका शास्त्रज्ञाच्या नावापाशी पोहोचले. रुस्लान मेझितोव्ह.

मॉस्कोतला विद्यार्थी

मेझितोव्ह यांचा जन्म १९६६ चा, उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंदमधला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते मॉस्कोत पीएचडी करत होते. तेव्हाच सोव्हिएत संघ कोसळला. प्रयोगशाळेत रसायनं नाहीत, उपकरणं नाहीत, मग उरतं काय? वाचनालय.

तिथे त्यांच्या हाती अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले चार्ल्स जेनवे यांचा १९८९ चा एक लेख लागला. तुटपुंज्या विद्यावेतनातून पैसे घालून त्यांनी त्याची फोटोकॉपी काढली. त्या लेखात जेनवेंनी आपल्याच क्षेत्राचं एक गुपित चव्हाट्यावर आणलं होतं. लस तयार करताना नुसतं शुद्ध प्रथिन टोचलं तर शरीर अनेकदा ढिम्म हलत नाही. त्यात मेलेल्या जिवाणूंचे तुकडे किंवा तसंच काही मिसळलं की प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते. हे सगळ्यांना माहीत होतं, पण असं का होतं ते कुणी फारसं विचारत नव्हतं.

जेनवेंचा अंदाज असा होता, की शरीरात आधीपासूनच काही सेन्सर असले पाहिजेत. "हा बाहेरचा" एवढंच ओळखून त्यांचं भागत नसणार, "हा जंतू आहे" हे ते ओळखत असणार. जंतूंमध्ये काही रेणू असे असतात जे आपल्या पेशींमध्ये नसतातच. सेन्सर त्यांच्यावर डोळा ठेवून असणार.

मेझितोव्ह यांनी जेनवेंना ईमेल केला. १९९४ मध्ये ते येलला पोहोचले आणि १९९७ मध्ये दोघांनी मिळून माणसातला असा एक सेन्सर जगासमोर आणला. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटानं दाखवलं होतं, की फळमाशीतलं 'टोल' नावाचं जनुक बिघडलं तर ती माशी बुरशीच्या संसर्गापुढे टिकत नाही. माणसातला सेन्सर याच टोलचा भाऊबंद निघाला. म्हणून या कुटुंबाला 'टोल-लाइक रिसेप्टर' म्हणतात. माणसात असे दहा आहेत.

२०११ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या शोधासाठी हॉफमन आणि ब्रूस बॉयटलर यांना मिळालं, सोबत दुसऱ्या एका शोधासाठी राल्फ स्टाइनमन यांना. जेनवे २००३ मध्येच वारले होते आणि मेझितोव्ह यांचं नाव यादीत नव्हतं. त्यावर काही इम्युनॉलॉजिस्टांनी 'नेचर'ला पत्र लिहून नाराजीही कळवली. पण आज आपल्याला त्यांचं नंतरचं काम बघायचंय.

सेन्सर काय सांगतो?

आता थोडं माझ्या भाषेत. सर्व्हरवर मॉनिटरिंग लावलेलं असतं. काही बिघडलं की अलर्ट येतो. पण नुसता "सर्व्हर डाउन" असा अलर्ट आला तर रात्री दोन वाजता उठून तुम्ही करणार काय? डिस्क भरली की मेमरी गेली की कुणी हल्ला केलाय, हे कळायला हवं. प्रत्येकाचा इलाज वेगळा.

शरीराचे सेन्सर हा फरक ओळखतात. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एलपीएस नावाचा रेणू असतो. ई. कोलाय या जिवाणूत तो असतो, आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाला बहुतेक वेळा हाच जिवाणू कारणीभूत असतो. एलपीएस दिसला की टोल-लाइक रिसेप्टरमधला चौथ्या क्रमांकाचा सेन्सर ओरडतो. विषाणूचं वेगळं. अनेक विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढताना दुपदरी आरएनए तयार करतात. तसा लांबलचक दुपदरी आरएनए आपल्या निरोगी पेशीत सहसा नसतो. तो तिसऱ्या क्रमांकाच्या सेन्सरला सापडतो.

पुढची कारवाईही त्याप्रमाणे बदलते. जिवाणू बरेचदा पेशींच्या बाहेर वाढतात, त्यांना गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि ऑक्सिजनच्या जहाल रेणूंचा मारा करतात. विषाणू मात्र आपल्याच पेशीत शिरून बसलेला असतो. तिथे इंटरफेरॉन नावाचा निरोप सुटतो. "शेजारी चोर शिरलाय, कामं बंद करा, दारं लावा." गरज पडली तर ती बाधित पेशीच मारून टाकली जाते.

बाहेरून बघताना दोन्हीकडे आपल्याला काय दिसतं? ताप, अंगदुखी, मरगळ, अन्नावरची वासना गेलेली. थर्मामीटरवरचा १०३ चा आकडा दोन्हीकडे सारखाच. म्हणून मी फसले.

मारणं आणि सोसणं

आपण आजारपणाची गोष्ट नेहमी लढाईसारखी सांगतो. शत्रू आला, सैन्य गेलं, शत्रू मेला. पण लढाई आपल्याच घरात चाललेली असते. शत्रूला मारताना फुटणाऱ्या काचा आपल्या, तुटणारं फर्निचर आपलं. गंभीर संसर्गात अनेकदा जंतूंपेक्षा या मोडतोडीनं माणूस दगावतो.

म्हणजे जगायला दोन गोष्टी लागतात. एक, जंतूला मारणं. दुसरी, मारामारी चालू असताना झालेली मोडतोड सोसणं. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्यांना ही दुसरी बाजू खूप आधीपासून माहीत होती. तांबेरा दोन शेतांत सारखाच पडतो, पण एक वाण तो सोसून पीक देतं आणि दुसरं झोपतं. प्राण्यांच्या बाबतीत या सोसण्याकडे बराच काळ दुर्लक्ष झालं. २०१२ मध्ये मेझितोव्ह, डेव्हिड श्नायडर आणि मिगेल सोआरेस यांनी 'सायन्स'मध्ये लेख लिहून तो मुद्दा ठामपणे मांडला.

मग मेझितोव्ह यांच्या प्रयोगशाळेनं एक प्रश्न घेतला. आजारी पडलं की भूक का जाते? माणूसच कशाला, कुत्रं आजारी पडलं तरी भाकरीकडे बघत नाही. ही बिघाडाची खूण आहे, की शरीरानं मुद्दाम केलेली सोय?

उंदरांचा प्रयोग

हा प्रश्न नवा नव्हता. १९७९ मध्येच मरे नावाच्या दोन संशोधकांनी लिस्टेरिया जिवाणूंची लागण झालेल्या उंदरांना नळीनं जबरदस्ती खाऊ घालून पाहिलं होतं. खाऊ घातलेले उंदीर जास्त मेले आणि लवकर मेले. का, ते मात्र कळलं नव्हतं.

येलमध्ये अँड्र्यू वांग आणि सहकाऱ्यांनी तिथूनच सुरुवात केली. हा शोधनिबंध सप्टेंबर २०१६ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आला. मला तो आवडला, कारण तो नीट केलेल्या डिबगिंगसारखा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिली पायरी. लिस्टेरियाची लागण झालेल्या उंदरांना नळीनं अन्न दिलं. १९७९ सारखंच झालं, मृत्यू वाढले.

दुसरी पायरी. अन्नातलं नेमकं काय बाधतंय? प्रथिनं, चरबी आणि ग्लुकोज वेगवेगळे देऊन पाहिले. दोषी निघालं ग्लुकोज. नुसतं ग्लुकोज दिलं तरी उंदीर मरत होते.

तिसरी पायरी, उलट तपासणी. टू-डीजी नावाचं एक रसायन आहे, ते दिसायला ग्लुकोजसारखं असतं, पण पेशीला त्यापासून ऊर्जा काढता येत नाही. उलट ते ग्लुकोजच्या वाटेत अडून बसतं. ते दिल्यावर लिस्टेरियावाले उंदीर वाचले.

इथे तुम्ही म्हणाल, सोपं आहे, साखर बंद केली म्हणजे जिवाणूंची उपासमार झाली आणि ते मेले. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून चौथी पायरी महत्त्वाची. त्यांनी जिवंत जिवाणू बाजूलाच ठेवले आणि उंदरांना फक्त एलपीएस टोचलं. म्हणजे खरा हल्लेखोर नाही, फक्त त्याचा वास. आम्ही टेस्टिंगमध्ये याला मॉक म्हणतो. खरी सिस्टीम न जोडता खोटा इनपुट द्यायचा आणि कोड कसा वागतो ते बघायचं. इथे उपाशी ठेवायला जिवाणूच नव्हते, तरीही ग्लुकोज दिलेले उंदीर जास्त मेले आणि टू-डीजी दिलेले वाचले. म्हणजे ग्लुकोज जिवाणूंना पोसत नव्हतं. उंदराचं स्वतःचं सोसण्याचं बळ ते काढून घेत होतं.

पाचवी पायरी. हीच गोष्ट फ्लूच्या विषाणूवर करून पाहिली आणि निकाल बरोब्बर उलटा लागला! फ्लू झालेल्या उंदरांना टू-डीजी देऊन ग्लुकोज वापरू दिलं नाही, तर ते मेले. खाऊ घातलेल्यांची जगण्याची शक्यता थोडी सुधारली. इथेही मॉक वापरला. पॉली आय-सी नावाचा कृत्रिम दुपदरी आरएनए, जो तिसऱ्या सेन्सरला विषाणूसारखाच वाटतो. विषाणू नसतानाही निकाल तोच.

आणि शरीरातल्या विषाणूंची संख्या? ती दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. प्रतिकारशक्तीचा जोरही सारखाच. मारण्यात फरक पडला नव्हता, सोसण्यात पडला होता.

असं का होतं?

उपाशी राहिलं की शरीर साठवलेली चरबी जाळायला काढतं आणि यकृत कीटोन नावाचं इंधन तयार करतं. कीटो डाएटमुळे हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. जिवाणूंविरुद्धच्या लढाईत ऑक्सिजनच्या जहाल रेणूंचा मारा होतो आणि त्याची झळ मेंदूतल्या नाजूक पेशींनाही बसते. कीटोनवर चालणाऱ्या पेशी ही झळ जास्त चांगली सोसतात. बाहेरून ग्लुकोज ओतलं की शरीराला वाटतं, खायला मिळतंय. ते कीटोन बनवणं थांबवतं आणि ऐन वेळी संरक्षण जातं.

विषाणूचा त्रास वेगळ्या जागी होतो. इंटरफेरॉनच्या गोंधळात पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या कारखान्यावर ताण येतो. धड घडी न पडलेल्या प्रथिनांचा ढीग साचतो. तो निस्तरायला पेशीला ग्लुकोज लागतं. ते मिळालं नाही, तर 'चॉप' नावाचं प्रथिन पेशीला आत्मनाशाचा हुकूम देतं. ज्या उंदरांमध्ये चॉपचं जनुकच काढून टाकलं होतं, ते टू-डीजी देऊनही बऱ्यापैकी तगले. कारण नेमकं सापडलंय याचा हा चांगला पुरावा.

इंग्रजीत एक जुनी म्हण आहे, सर्दी झाली तर खा आणि ताप आला तर उपाशी राहा. या शोधनिबंधाची बातमी झाली तेव्हा सगळ्यांना हीच म्हण आठवली. मला आजी आठवली.

मग आजी जिंकली का?

थांबा. व्हॉट्सॲपवर "येलनं सिद्ध केलं, तापात उपाशी राहा" असं लिहून पाठवायच्या आधी पुढचं ऐका.

एक. हे उंदीर आहेत. उंदराचा जीव तो केवढा! एक रात्र उपाशी राहिला तरी तो कीटोनवर येतो. माणसाला त्यासाठी साधारण दिवसभर किंवा जास्त वेळ लागतो.

दोन. प्रयोगात नळीनं जबरदस्ती दिलेल्या डोसची गोष्ट आहे. भूक लागली म्हणून आपण दोन घास खातो, ते वेगळं.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. माणसांवर थोडेफार जवळचे प्रयोग झालेत, अतिदक्षता विभागात. बेल्जियममध्ये ४,६४० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, निकाल २०११ मध्ये आले. प्रश्न असा होता, की नळीनं पोटात जाणारं अन्न कमी पडत असेल तर शिरेतून जादा पोषण लगेच सुरू करायचं की आठवडाभर थांबायचं? ज्यांच्या बाबतीत थांबले, त्यांना नवे संसर्ग कमी झाले आणि ते थोडे लवकर बाहेर आले. मृत्यूच्या प्रमाणात फरक नव्हता. २०१५ मध्ये सौदी अरेबिया आणि कॅनडातल्या ८९४ रुग्णांच्या चाचणीत काहींना गरजेच्या साधारण निम्म्याच कॅलरी दिल्या, प्रथिनं मात्र सारखीच ठेवली. नव्वद दिवसांनंतरचे मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखे निघाले.

म्हणजे "ताकद यावी म्हणून कोंबा" हे माझं तत्त्व तर टिकलं नाहीच. पण "उपाशी ठेवलं की वाचतो" हेही माणसात सिद्ध झालं नाही. शिवाय या चाचण्यांमध्ये जिवाणूवाले आणि विषाणूवाले रुग्ण वेगळे करून पाहिलेले नव्हते. मेझितोव्ह यांचं म्हणणं बरोबर असेल, तर दोन उलट परिणाम एकाच सरासरीत मिसळले की उत्तर शून्याजवळच येणार. डेटावर काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल.

खरी गोष्ट अशी आहे, की "तापात काय करावं?" हा प्रश्नच अपुरा आहे. कसला ताप, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आजीचा नियम आणि माझा नियम, दोन्ही सगळ्या तापांना एकच मानत होते. आणि माझ्याकडे कसला ताप ते कळायचं एक साधन होतं, कल्चर. ते मी अर्ध्या स्ट्रिपनं निकामी केलं.

अर्धी स्ट्रिप

अँटिबायोटिक जिवाणूंच्या यंत्रणेवर घाव घालतं. काही औषधं त्यांची भिंत बांधू देत नाहीत, काही त्यांचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतात. विषाणूला स्वतःची अशी भिंतही नाही आणि कारखानाही नाही, तो आपलाच वापरतो. त्यामुळे फ्लूवर, डेंग्यूवर, साध्या सर्दीवर या गोळ्या काहीच करत नाहीत.

आणि संसर्ग जिवाणूंचा असला तरी, कुठल्याही जिवाणूवर कुठलंही अँटिबायोटिक चालत नाही. दाढेसाठीचं औषध किडनीला लागू पडेलच असं नाही. अर्धवट डोसमध्ये तगून राहतात ते चिवट जिवाणू, आणि पुढची पिढी त्यांचीच. शिवाय कल्चर कोरं येतं. ते म्हणजे आधी लॉग डिलीट करायचा आणि मग बग शोधायला बसायचं. हे मी ऑफिसमध्ये कुणाला कधी करू दिलं नसतं. घरी स्वतः केलं.

डिस्चार्जच्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलंच, "मी खाऊ घातलं, त्यानं वाढलं का?" ते म्हणाले, "चार चमचे ग्लुकोजनं नाही. दोन दिवस उशीर झाला त्यानं." मग म्हणाले, "खायचं की नाही ते पेशंटला बऱ्यापैकी कळतं. कसला आजार आहे ते मात्र त्याला कळत नाही, आणि तुम्हालाही नाही."

मी आता काय करते

हा वैद्यकीय सल्ला नाही, घरात ठरलेले नियम आहेत.

जेवण नको म्हणणाऱ्याच्या तोंडात घास कोंबायचा नाही. एक-दोन दिवस कमी खाल्लं तर धडधाकट माणसाचं बिघडत नाही. भूक लागली तर अडवायचंही नाही, मागेल ते हलकं द्यायचं.

पाणी मात्र सोडायचं नाही. लंघन म्हणजे पाणी बंद नव्हे. आजीची पेज तरी काय होती? भरपूर पाणी, चिमूटभर मीठ, थोडा भात. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या मापानंच.

लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि मधुमेहाचं औषध घेणारे यांना उपाशी ठेवायचा प्रयोग करायचा नाही. साखरेची गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

थंडी वाजून जोराचा ताप, कंबरेत एका बाजूला दुखणं, लघवीला जळजळ किंवा लघवी कमी होणं, धाप लागणं, सतत उलट्या, पोटात खूप दुखणं, कुठूनही रक्त येणं, असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता डॉक्टर गाठायचा. बाबांचं बोलणं भरकटायला लागलं, ती वेळ घरी बसायची नव्हतीच.

आणि डॉक्टरांनी चाचणी सांगितली तर आधी नमुना द्यायचा, मग गोळी घ्यायची. तपासणीच्या आधी घरातलं काही दिलं असेल तर ते लाज न बाळगता सांगायचं. औषधांच्या डब्यात आता एकही अर्धी स्ट्रिप नाही.

मागच्या महिन्यात मलाच ताप आला, साधा व्हायरल. आजी फोनवर म्हणाली, "काही खाऊ नकोस गं." मी तिला सगळं समजावून सांगितलं. उंदीर, फ्लू, ग्लुकोज, चॉप. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता तुला भूक आहे का?"

म्हटलं, थोडी आहे.

"मग मऊ भात खा आणि झोप. एवढं बोलत बसू नकोस."

तर मंडळी, तुमच्या घरी तापात काय नियम आहेत ते मला नक्की कळवा. आणि आज हेडफोन काढल्यावर एक काम करा, घरातला औषधांचा डबा उघडून बघा. अर्ध्या स्ट्रिपा सापडल्या तर त्या पुढच्या तापासाठी जपून ठेवू नका. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच. काळजी घ्या!